मशीन तपासून दिले आहे

माझं दुकान हॉस्पिटलच्या समोर आहे. कुबड्या, कमरेचे पट्टे, बीपीची मशीनं विकतो आणि बिघडली तर दुरुस्तही करून देतो. लोकांच्या दुखण्यावर माझी चूल पेटते, तेव्हा माझ्याकडून फार साळसूदपणाची अपेक्षा कुणी करू नये.

त्या म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात जमदग्नी म्हणायचो. निवृत्त हेडक्लार्क. दुकानात पाऊल टाकायच्या आधीच आवाज चढलेला. घरात वीस वर्षं एकच कायदा, बाबांना बीपी आहे, त्यांना चिडवायचं नाही. हे त्यानेच मला छाती फुगवून सांगितलं होतं.

"तुमचं मशीन खोटारडं आहे," त्याने डबा काउंटरवर आपटला. "असल्या डब्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून आधी सुनेवर लावून बघतो. तिला एकशे ब्याण्णव दाखवतंय!"

"आणि तुम्हाला?"

"एकशे अठ्ठावीस. मला! आता तुम्हीच सांगा, घरात बीपी कुणाला आहे?"

मी पट्टा माझ्या दंडावर गुंडाळला. एकशे बावीस. मशीनला धाड भरली नव्हती.

"तुम्ही गोळी घेता, म्हणून तुमचा ताब्यात आहे. सूनबाईंना डॉक्टरकडे न्या."

"छत्तिशीची बाई ती. घोड्यासारखी राबते, कधी चकार शब्द काढत नाही. तिला कसलं आलंय बीपी? मी मशीनचं विचारलंय, सुनेचं नाही."

त्याच्या मते बीपी गळ्यात राहत असावं, जो ओरडतो त्याला होतं. खरं तर ते आवाज करत नाही, दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ते मोजावं लागतं. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि हा ओरडत होता. "ठेवून जा, बघतो," म्हणालो. मशीन फडक्याने पुसलं, नवे सेल घातले आणि दुसऱ्या दिवशी परत दिलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आठवड्याने मशीन घेऊन सून स्वतः आली. हातात भाजीची पिशवी, नजर घड्याळाकडे.

"अजून बिघडलेलंच आहे हो. कालपासून घरात नुसता दंगा चाललाय."

मी तिला खुर्चीत बसवलं. पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, पाच मिनिटं बोलू नका. ती हसली. पाच मिनिटं नुसतं बसायचं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नसावं. एकशे अठ्ठ्याण्णव, खालचं एकशे चौदा. मी कपाटातून कोरं मशीन काढलं. त्यातही दोनच आकड्यांचा फरक.

"दोन्ही बिघडलीत?" तिने विचारलं.

"नाही."

तिने दंडावरचा पट्टा सोडून काउंटरवर ठेवला. "पण मला काहीच होत नाही."

"आजच समोर जाऊन दाखवा. अंगावर काढू नका."

"आज नाही जमायचं. नणंद आलीय मुलांना घेऊन, पंधरा दिवस आहे. ती गेली की जाते." मग तिचा आवाज खाली आला. "घरी कळलं तर बाबा म्हणतील, ही माझी बरोबरी करायला निघाली. भाऊ, एक काम कराल? मशीन नीट झालं अशी चिठ्ठी द्या. आणि माझ्यावर लावू नये असं काहीतरी लिहा. रोजची कटकट तरी मिटेल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी बाई बहुधा पहिल्यांदाच कुणाकडे काहीतरी मागत होती. मला तिची दया आली. शिवाय तो म्हातारा पुन्हा दुकानात नको होता, आणि खरं सांगायचं तर हेच कारण मोठं होतं. मी दुकानाच्या कागदावर लिहिलं, 'मशीन तपासून दिले आहे. एकाच व्यक्तीसाठी वापरावे, अन्यथा आकडे चुकतात.' खाली शिक्काही मारला.

चार महिने कुणी आलं नाही. बरं झालं, म्हटलं, ब्याद टळली.

मग जमदग्नी आला. आवाज तोच, फक्त शर्टाला इस्त्री नव्हती.

"तुमची दुरुस्ती झकास हं! तेव्हापासून एकदाही चुकलं नाही. तुमची चिठ्ठी भिंतीवर चिकटवलीय, कुणाला हात लावू देत नाही मशीनला."

"सूनबाई?" मी विचारलं.

"ती पडलीय अंथरुणावर. ओट्यापाशी उभ्या उभ्या कोसळली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बोलायची कुठे म्हणा आधीसुद्धा! आता तिचं सगळं आम्हालाच करावं लागतंय, या वयात." तो स्टुलावर बसला. "डॉक्टर म्हणतात, रोज तिचं बीपी बघा. पण तुमच्या चिठ्ठीत एकाच व्यक्तीसाठी लिहिलंय. म्हणून तिला वेगळं द्या एखादं. भारीतलं नको, कुणी टाकून दिलेलं असलं तरी चालेल."

मी कपाट उघडलं. त्या दिवशी तिच्या दंडाला लावलेलं कोरं मशीन अजून तिथेच होतं. तेच काढून समोर ठेवलं.

"आधी लावून दाखवा," तो म्हणाला. "फसायचं नाही आता. तुमच्यावरच लावा."

मी पट्टा बांधला. मन थाऱ्यावर नसताना मोजू नये, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पट्टा फुगला, सैल झाला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"हेही बिघडलेलंच," जमदग्नी म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "मशीन चांगलं आहे. तेव्हाही चांगलंच होतं. तुमच्या सुनेला—"

"ओरडू नका," तो म्हणाला. "मला बीपी आहे. दुसरं दाखवा."