बंकटच्या तळहातावरचा माझा वळ

मित्रांनो, दाव्यानं बैल बांधतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी मात्र एका कुत्र्याचं जुनं दावं आहे, आणि तेही निजामाच्या राज्यातल्या पोलीस चौकीतलं! हसू नका, पुढं ऐका.

नांदूरघाटच्या बंकट धनगरानं मला अंबाडीच्या वाखापासून वळलं. त्याचा कुत्रा तांबू हरवलेलं कोकरू कोसभरावरून हुडकून आणायचा. ही कीर्ती पाटोद्याच्या चौकीचे मुख्य अधिकारी, अमीनसाहेब, यांच्या कानी गेली. झालं! मेंढरं भावाकडं गेली आणि बंकट, तांबू नि मी सरकारी झालो. माझं एक टोक तांबूच्या गळ्यात, दुसरं बंकटच्या मुठीत. दोघांनाही माळावर पळून जावंसं वाटायचं आणि दोघांना धरून ठेवायला मीच. पण बांधणारं दावंही बांधलेलंच असतं, हे कुणी ध्यानात घेत नाही.

चौकीचे म्हातारे जमादार आश्रुबा माग काढण्यात पटाईत. त्यांनी पहिल्याच दिवशी बंकटच्या डोळ्यांवर फडकं बांधलं.

“कुत्र्याला येतंय सगळं. शिकायचं तुला हाय बे,” ते म्हणाले. “दावं सैल सोड अन् ते नेईल तिकडं चाल.”

बंकट बाभळीत शिरला, मग ओढ्यात पडला.

“जमादार, ह्यापरीस मेंढरं बरी.”

“मेंढरांना तुझ्याहून अक्कल हाय,” जमादार म्हणाले.

आठ दिवसांनी बंकटनं फडकं भिरकावलं. त्याला वाटलं, शिकलो.

मग पाटलाच्या घरातलं तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं. चोराचं मुंडासं मागं राहिलं होतं. ते तांबूला हुंगवताना अमीनसाहेब बंकटच्या कानाशी म्हणाले, “गावातला तो बिभीषणच चोर असणार. बघ, त्याच्याच दाराशी जाईल.”

तांबू ओढ्याकडं वळला. तोच मला हिसका बसला! तांबूनं मागं पाहिलं आणि शहाण्या नोकरासारखा धन्याला हवं तिकडं गेला. बिभीषणाच्या दारात बंकट थबकला, तांबू बसला. बिभीषण कोठडीत गेला. मला सगळं माहीत होतं, पण दाव्याला कुठलं तोंड? कोठडीतल्या बिभीषणाइतकंच मीही कोंडलेलं.

दुसऱ्या दिवशी बिभीषणाची बायको बायडाबाई चौकीत आली.

“भाऊ, वास कुत्र्यानं घेतला का तुमी?” तिनं बंकटला विचारलं.

बंकटनं मूठ आवळून घेतली. आश्रुबांनी त्याची मूठ उघडली. तळहातावर लालभडक वळ होता.

“सैल दाव्यानं हात सोलत न्हाई, बंकट. तू वढलंस,” ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, मला एवढीच लिपी येते आणि ती वाचणारा एकच माणूस चौकीत होता!

बंकटनं तोच हात अमीनसाहेबांपुढं केला. “साहेब, माग तांबूनं न्हाई, मी काढला. नोकरी घ्या, पण बिभीषणाला सोडा.”

साहेब लालबुंद झाले. पण आश्रुबांनी फडकं पुढं केलं. डोळे बांधून बंकट पुन्हा निघाला. मी जमिनीला लागेल इतकं सैल होतं. तांबू बिभीषणाच्या दारावरून सरळ पुढं गेला, थेट ओढ्यापर्यंत. तिथं पाण्यात माग हरवला. चोर काही सापडला नाही. पण त्याच दुपारी बिभीषण घरी जेवला.

बंकटला वाटलं, आता आपणही सुटलो. त्यानं कांबळंही गुंडाळलं होतं.

“खरं बोलणारा माणूस मी सोडीन होय?” अमीनसाहेब म्हणाले.

आणि मला पुन्हा तांबूच्या गळ्यात बांधलं. पुढची अकरा वर्षं आम्ही तिघं तिथंच होतो. तांबू गेला, बंकट थकला, आता मी खुंटीवर कुजत पडलंय.

मित्रांनो, कधी तुमच्या हाती कुणाचं दावं आलंच, तर सैल धरा. ओढलंत तर दुसऱ्या टोकाचं बिचारं तुम्हाला हवं तिकडंच येईल, आणि तुम्हाला वाटेल, ते आपल्याच मनानं आलं.