आठ रिकामी घरं

आमच्या बँडला सॉफ्टवेअर हवं होतं ते सूर लिहून काढायला. गावातल्या आस्लौगच्या वडिलांनी रचलेल्या, पावलांच्या तालावर वाजवायच्या मार्चची हाताने लिहिलेली पानं ओल लागून चिकटत चालली होती आणि सतरा मेच्या राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत तोच मार्च वाजतो. नव्वदीला आलेल्या आस्लौगने पानं देताना बजावलं, "बाबांचा एक ठोकासुद्धा बदलू नका."

बँडचा अध्यक्ष स्टाइनार विम्याच्या कचेरीत बसतो, म्हणून त्याला संगणकातलं कळतं असा गावाचा समज. त्याने तीन सॉफ्टवेअर आणली आणि वॅफल खात खात प्रत्येकाचा आवाज ऐकवला. लिहून कुणी पाहिलं नाही. तिसऱ्यातून व्हायोलिनांचा ताफा घुमला, तेच ठरलं. आमच्या बँडमध्ये एकही व्हायोलिन नाही.

"छापून कसं दिसतं ते तरी बघा," मी म्हटलं. "चालता चालता वाचायचंय."

"ओलाव, तू ढोल बडवतोस. तुला कागद कशाला?" स्टाइनार म्हणाला.

सगळे खिदळले.

या धूनच्या मध्यावर, कागदावरच्या उभ्या रेघांमधली आठ घरं कोरी आहेत. वाजवत तिथवर आलं की मिरवणुकीच्या वाटेत लाकडी पूल येतो. सगळ्यांची पावलं एका ठोक्यावर पडली तर तो झुलतो, म्हणून तेवढा वेळ वाद्यं बंद, चाल मोकळी, फक्त नदी ऐकू येते. पूल बांधणाऱ्यांत आस्लौगचे वडील होते. ती पलीकडच्या काठावर खुर्ची टाकून बसते, ती त्या शांततेसाठी.

स्टाइनारने पानं उतरवून वाजवून पाहिली. संगणक मध्येच गप्प झाला. 'इथे काहीतरी बिघडलंय' असं ठरवून पठ्ठ्याने आठही घरं काढून टाकली आणि नवे कागद मिरवणुकीच्या सकाळी वाटले.

दरवर्षी पुलावर वाद्यं थांबवणारी माणसं! छापील कागद हाती आला की डोकं घरी ठेवतात. वाजवतच पुलावर चढली. फळ्या उसळल्या, अवजड पितळी ट्यूबा वाजवणारा कठड्यावर आदळला. मी ढोल थांबवला. एकेक वाद्य गप्प होत गेलं. शेवटी कागदाला डोळे चिकटवलेल्या स्टाइनारचं ट्रम्पेट तेवढं उरलं. मग त्यालाही आपण एकटेच असल्याचं ऐकू आलं.

नदी वाहत होती. पलीकडे पोचल्यावर मी ठोका दिला.

मार्च संपला तेव्हा आस्लौग म्हणाली, "यंदा बाबा जरा उशिरा गप्प झाले."

स्टाइनार घाम पुसत होता. "सॉफ्टवेअरच हलकं निघालं. पुढच्या वर्षी भारीतलं घेऊ."

"घे की," मी म्हटलं. "त्यात पियानो पण असेल. तो पुलावरून तूच ने."