मार्तंडरावांचा घसा

हरिहरेश्वरच्या मार्तंडराव वर्तकांचं घोरणं अख्ख्या आळीला ठाऊक होतं, मान्य नव्हतं ते फक्त त्यांना. दुपारी ते ओटीवर आडवे झाले की देवळाकडे निघालेली माणसं कुंपणाशी थबकायची. वाडीत कामाला येणारा धर्मा म्हणायचा, "दादा निजलं का वानार फिरकत न्हाय. तेवढीच नारलाची राखण."

हसणाऱ्यांचं काय जातंय? सुचित्राला त्याच खोलीत निजावं लागायचं. लग्न झाल्यापासून तिला सलग झोप अशी मिळालीच नव्हती. घरच्या तीन खोल्या पर्यटकांना दिलेल्या, स्वयंपाक सगळा तिच्या अंगावर. गेल्या वर्षी मोदकांची उकड काढताना तिला उभ्याउभ्या पेंग आली आणि आधणाचं पाणी हातावर सांडलं. नवऱ्याचं म्हणणं एकच, "मी घोरत नाही. तुझी झोपच सावध." एकदा तिने मोबाइलवर त्यांचं घोरणं टेप करून ऐकवलं, तर म्हणाले, "ही दिघीची फेरीबोट आहे!"

त्या दिवशी नवरा तिच्या मनातून साफ उतरला. तिने ते लपवलंही नाही. चहा वेळेवर मिळायचा, आमटीत मीठ बरोबर असायचं, पण तोंडातून गोड शब्द निघायचा नाही.

मग मे महिन्यात ठाण्याचं एक कुटुंब मुक्कामाला येऊन गेलं आणि त्यातल्या बाईने इंटरनेटवर लिहिलं, 'जेवण उत्तम, समुद्र जवळ, पण मालक रात्रभर घोरतात. मुलं घाबरून उठली.' मार्तंडराव ते वाचून लालबुंद झाले आणि त्यांनी लगेच पनवेलला मुलाला, सुयशला, फोन लावला. त्याने लेसरने घोरणं कमी करणारी एक डॉक्टर शोधून काढली.

बायको जन्मभर सांगत होती ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं, आणि कोण कुठल्या बाईने दोन ओळी खरडल्या तर हे निघाले! सुचित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही ती सोबत गेली. आवाज उतरला तर शांत रात्र तिला मिळणार होती, आणि त्या एका रात्रीसाठी ती पनवेलच काय, काशीलाही गेली असती.

डॉक्टर वयाने तरुण, पण बोलायला स्पष्ट होती. झोपेची तपासणी तिने आधीच करून घेतली होती. झोपेत श्वास अडकत नव्हता. "लेसरने टाळूचा मागचा सैल भाग शेकतो," तिने सांगितलं. "तो आवळला की आवाज कमी होतो. दोन-तीनदा यावं लागेल. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि काहींचं पुन्हा सुरूही होतं. त्रास कोणाला होतो, काका?"

"पाहुण्यांना," मार्तंडराव म्हणाले.

"आणि काकूंना?"

"तिला काय, तिला सवय झालीय."

सुचित्रा शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिची कानशिलं तापली.

डॉक्टरने बॅटरी मारून तोंडात पाहिलं. "तोंड पूर्ण उघडत नाही, काका. तंबाखू, गुटखा, सुपारी?"

"छे, छे! व्यसन कसलंही नाही."

मार्तंडराव आपल्या परीने खोटं बोलत नव्हते. स्वतःच्या वाडीतली रोठा सुपारी जेवणानंतर अडकित्त्याने कातरून तोंडात टाकायची, हे त्यांच्या लेखी ताकभातासारखं जेवणातच जमा. व्यसन म्हणजे टपरीवरची पुडी. सुचित्राला मात्र डॉक्टरचा प्रश्न नीट कळला होता. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. सवय झालीय ना मला? मग भोगा म्हणावं.

लेसर झालं. गरम, तिखट, कडक असं काही खायचं नाही, अशी ताकीद मिळाली. मार्तंडराव आज्ञाधारकपणे गार मऊ भात जेवायचे आणि उठून अडकित्ता घ्यायचे. व्हायचं तेच झालं. तोंड सोलवटलं, पाणी गिळवेना, घोरणं होतं तसंच आणि वर कण्हणं. जरा बोलता यायला लागल्यावर त्यांनी भर पंगतीत पाहुण्यांसमोर बायकोला झाडलं, "मुद्दाम गरम आमटी वाढतेस तू मला!"

"आमटी गारच होती," सुचित्रा म्हणाली आणि पुढच्या पानावर भात वाढायला गेली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरने तोंडात पाहिलं आणि दाढेतून सुपारीचं खांड काढून समोर धरलं. "हे काय?"

"ती घरची आहे!"

"घरची असो नाहीतर बाजारची. तिच्यामुळेच तोंड आतून आवळत चाललंय. आता लेसर नाही. सुपारी बंद करा, आधी आपण तोंड तपासून घेऊ. घोरण्याचं नंतर बघू, कदाचित कधीच जमणार नाही." मग ती सुचित्राकडे वळली. "काकू, मी विचारलं तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"होते."

परतीच्या वाटेवर मार्तंडरावांनी गाडीत तोंडाचा पट्टा सोडला. "तुला माहीत होतं! मुद्दाम गप्प बसलीस. मला खड्ड्यात घालायला!"

"हो, मुद्दाम," सुचित्रा म्हणाली.

पण आतून ती स्वतःवरच जळत होती. नवऱ्याला धडा शिकवायला गेली आणि आपलीच झोप घालवून बसली. एक शब्द बोलली असती तर कदाचित आवाज उतरलाही असता. म्हसळ्याला ते चहाला उतरले. कप खाली ठेवता ठेवता मार्तंडरावांनी खिशातून सुपारीचं खांड काढलं आणि दाढेखाली सरकवलं. सुचित्राने ते पाहिलं. या माणसाचा घसा सुधारायची वाट बघत ती मरून गेली असती.

शनिवारी दुपारी पुण्याचे पाहुणे आले. मार्तंडराव त्यांच्या बॅगा घेऊन माडीवर, समुद्राकडच्या खोलीशी पोचले. दार आतून बंद. त्यांनी कडी वाजवली.

"कोण आहे आत? ही खोली कोणाला दिली?"

"मला," आतून सुचित्रा म्हणाली.

"अगं, पाहुणे उभे आहेत इथे!"

"तुमच्या खोलीत माझी खाट रिकामी आहे. ती द्या त्यांना."

मार्तंडरावांनी पुन्हा कडी वाजवली, मग हाताने दार बडवलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. सुचित्राने पंखा मोठा केला, भिंतीकडे कूस वळवली आणि दार वाजत असतानाच ती गाढ झोपली.