न घातलेली सतरंजी

परदेशी पाहुण्याइतक्या चौकशा तर मुलगी बघायला आलेली सासूसुद्धा करत नाही. चहात दूध इतकं का घालता? म्हशीला नाव असतं का? लग्न कोणी ठरवलं? नवऱ्याला नावाने हाक का मारत नाही? मत कोणाला दिलंत, आणि का? फौजेबद्दल काय वाटतं? हिंदुस्थानाबद्दल? सिल्विया आमच्या घरी राहिली तेव्हा हे सगळे प्रश्न माझ्या तोंडून गेले. मी मुलींच्या शाळेत शिकवते, आणि मंडी बहाउद्दीनजवळच्या आमच्या गावात इंग्रजीत धड बोलू शकणारी बाई मी एकटीच.

तिला पाठवलं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, लाहोरहून. फोनवर म्हणाली, "मिस, ही जगभर हिंडते आणि फोनवर चित्रण करून लोकांना दाखवते. तिला खरं पाकिस्तान बघायचंय."

"म्हणजे लाहोर काय खोटं आहे?" मी म्हटलं.

पण माझा थोरला भाऊ रियासत अली म्हणाला, पाहुणा दारी येतो म्हणजे अल्लाची मेहरबानी येते, नाही कसं म्हणायचं. माझी वहिनी, कौसर भाभी, परातीत पीठ मळत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "कुठली आहे?"

"इटलीची."

भाभीचे हात पिठातच थांबले. "येऊ दे," ती म्हणाली.

तिचा मुलगा वकास मागच्या हिवाळ्यात इटलीला जायला निघाला होता. आमच्याकडची अर्धी पोरं तशीच जातात, आधी विमानाने लिबिया आणि तिथून बोट. ती बोट इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाली. शेजारच्या गावातल्या दोन मुलांच्या शवपेट्या आल्या. वकासची आली नाही. त्याला पाठवणारा एजंट शपथा घेऊन सांगत राहिला की पोरगा कॅम्पात आहे, फोन काढून घेतलाय म्हणून बोलत नाही. मग एजंटचाच फोन लागेनासा झाला.

आमच्यात माणूस गेला की अंगणात सतरंज्या घालतात, त्यावर पांढरी चादर. दार सताड उघडं ठेवतात. तीन दिवस गाव येऊन जमिनीवर बसतं, हात वर करून गेलेल्यासाठी फातिहा पढतं, आणि घरची चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. सतरंजी घातली म्हणजे घरच्यांनी मान्य केलं की माणूस गेला. भाऊ उन्हाळ्यापासून म्हणत होता, "घालूया. पोराच्या नावाने दुआ तरी होईल." भाभी एकच बोलायची, "मय्यत दाखव, मग घाल." एकदा त्याने सतरंज्या बाहेर काढल्या, तर ती त्यांच्यावर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्यानंतर दोघं कामापुरतं बोलायची, तेही बहुतेक माझ्यामार्फत. म्हणजे इंग्रजीचं भाषांतर करायच्या आधीपासून मी त्या घरात भाषांतरच करत होते.

गावालाही कळेना काय करावं. सांत्वन करावं तर भाभी अंगावर धावायची, आणि "येईल गं" म्हणावं तर जीभ रेटत नव्हती. हळूहळू बायकांनी यायचंच सोडलं. भरल्या गावात आमचं घर एकटं पडलं. मला त्या बायकांचा राग यायचा आणि भाभीचाही यायचा.

सिल्विया यायच्या आदल्या दिवशी भावाने आम्हा दोघींना बजावलं, "वकासचं नाव तिच्यापुढे निघता कामा नये. आलेल्या माणसाच्या ताटात आपलं दुःख वाढायचं नसतं."

भाभीने मान हलवली. पण तो बाहेर गेल्यावर चुलीपाशी मला म्हणाली, "नुजहत, मला तिला एक गोष्ट विचारायचीय. तू विचारशील ना?"

"काय विचारायचंय?"

"वेळ आली की सांगेन. तोवर तिचं पोट भर."

पोट तर आम्ही असं भरलं की बिचारी दुसऱ्या दिवशी नुसतं ताक पिऊन होती. सिल्विया चांगली मुलगी होती, तिला नावं ठेवायला मला जागा सापडली नाही, आणि मी शोधली होती. डोक्यावर पांढरी ओढणी घ्यायची, म्हशीच्या धारा काढायला बसायची, मक्याची भाकरी थापताना हात भाजून घ्यायची. हसायला लागली की थांबायचीच नाही. तिच्या गावाचं नाव मला उच्चारता येत नाही, पण ते समुद्रकाठी होतं, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. भाभीला मी ते सांगितलं तेव्हा ती उठून गोठ्यात गेली.

पुरुषांच्या बैठकीत राजकारण निघालं तेव्हा तर सिल्वियाची चंगळच झाली. आमच्याकडे दोन माणसं जमली की तीन पक्ष होतात. लंबरदार, म्हणजे आमचा गावपाटील, म्हणाला, "बाईला सांग, आमच्याकडे सरकार आणि वीज सारखीच. आहे म्हणेपर्यंत गेलेली असते." मी सांगितलं. ती हसली, मग सगळे हसले. त्या हसण्यातच तिने विचारलं, "पण इथे तरुण मुलं दिसत नाहीत. सगळी कुठे आहेत?"

मी प्रश्न पोचवला. हुक्क्याची गुडगुड थांबली. लंबरदाराची स्वतःची दोन मुलं ग्रीसमध्ये संत्री तोडतात. तो जमिनीकडे बघायला लागला.

"शेतात आहेत," भाऊ म्हणाला. "सांग तिला, उसाचे दिवस आहेत."

मी तेच सांगितलं.

भाभीची वेळ मात्र येत नव्हती. सिल्विया एकटी बसलेली असली की भाभी तिच्या शेजारी जाऊन बसायची, माझ्याकडे बघायची, तोंड उघडायची आणि म्हणायची, "विचार, चहा घेणार का." ती मुलगी किती चहा प्यायली असेल. मला कळत होतं की प्रश्न तिच्या ओठांवर आहे, आणि उत्तराची भीती प्रश्नापेक्षा मोठी आहे.

रविवारी सकाळी, मला सुट्टी होती तेव्हा, सिल्वियाने ठरवलं की घरातल्या बायका एकत्र बसून साग, म्हणजे मोहरीची पालेभाजी, निवडतात ते चित्रण घ्यायचं. आम्ही बाजांवर बसलो होतो. तिला ते पटेना. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात तिने आतल्या खोलीतून गुंडाळलेल्या सतरंज्या ओढत आणल्या आणि अंगणाच्या मधोमध घातल्या. लाल रंग फोनमध्ये भडक दिसतो म्हणून कपड्यांच्या ट्रंकेवरची पांढरी चादर त्यावर पसरली. उजेड यावा म्हणून दोन्ही दारं सताड उघडली. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ती चादरीवर मांडी घालून बसली होती आणि दोन्ही हातांनी भाभीला बोलावत होती. भाभी भिंतीला पाठ लावून उभी होती.

"भाभी, तू तिला थांबवलं का नाहीस?"

"पाहुणी आहे," भाभी म्हणाली. "तिच्या हातातून कशी ओढून घेऊ?"

ती हळूहळू चालत आली आणि चादरीच्या अगदी कडेवर बसली. मी सिल्वियाला समजावणार, तेवढ्यात समोरची मासी रशीदां ताकाचं भांडं घेऊन दारात आली. तिने काय पाहिलं असेल? उघडी दारं, अंगणात पांढरी चादर, जमिनीवर बसलेली भाभी, आणि शेजारी डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेली त्या देशातली बाई. भांडं तिच्या हातातून सुटलं.

"हाय माझ्या वकासा," मासी म्हणाली, आणि उंबऱ्यातच बसून तिने छाती पिटायला सुरुवात केली.

"मासी, तसं नाही, ऐक," मी म्हणत होते. कोण ऐकतंय. तिच्यामागून तिच्या सुना आल्या. मासीचा नवरा मशिदीत बांग देतो. आत घडलेलं बाहेर कसं गेलं ते मला अजून ठाऊक नाही, पण मी तिला उठवते न उठवते तोच भोंगा खरखरला, आणि साऱ्या गावाने ऐकलं की रियासत अलीचा मुलगा वकास अल्लाला प्यारा झाला.

मग बायका आल्या. इतके महिने दारावरून मान खाली घालून जाणाऱ्या बायका लोंढ्याने आत आल्या. एकेक जण भाभीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायची. कोणाला कसली बातमी आली हे विचारायचंही सुचलं नाही. सगळ्यांचं रडणं जणू सतरंजीचीच वाट बघत अडून राहिलं होतं. भाभी मात्र ताठ बसून होती. डोळे कोरडे.

"हे काय चाललंय?" सिल्वियाने मला विचारलं. "हा कुठला सण आहे का?"

मी तिला सांगितलं. सगळंच सांगितलं, बोट, एजंट, सतरंजी. भावाने घातलेली बंदी मोडली. मग तिने हात लांब करून तिचा फोन चादरीवर पालथा घातला.

तेवढ्यात भाऊ आला. उसात उभा असताना त्याने भोंग्यावरून आपल्याच मुलाचं नाव ऐकलं होतं. पायात चप्पल नव्हती. "काय आलं? पेटी आली? फोन आला?" तो प्रत्येकीला विचारत होता.

"काही आलं नाही, भाईजान," मी म्हटलं. "पाहुणीने सतरंजी घातली. मासीचा गैरसमज झाला."

उन्हाळ्यापासून सतरंजी घाला म्हणून भांडणारा तोच माणूस पांढऱ्या चादरीवर धावून गेला. "उचला," तो म्हणाला. "उचला ती. कोणी सांगितलं घालायला? माझा पोरगा मेला असं कोण म्हणतं?" तो खाली वाकून चादरीचं टोक ओढायला लागला. वर बायका बसलेल्या, चादर हलेना.

इतक्या गोंगाटात भाभीने माझा हात धरला. "नुजहत, आता विचार तिला," ती म्हणाली. "तिच्या गावाच्या समुद्रात जे सापडतात, त्यांचं काय करतात ते लोक?"

मी विचारलं. सिल्विया हळूहळू बोलली आणि मी वाक्य न् वाक्य सांगत गेले. गावच्या कब्रस्तानात एका कडेला त्यांना पुरतात. नाव माहीत नसतं, म्हणून दगडावर आकडा घालतात. गावात मोरोक्कोचा एक म्हातारा आहे, भाजी विकतो. मुसलमान असावा असं वाटलं की त्याला बोलावतात. तो मय्यतीला अंघोळ घालतो आणि नमाज पढतो.

"किबल्याकडे, मक्केच्या बाजूला, तोंड करतो?" भाभीने विचारलं.

"तो दिशा दाखवतो, आणि खणणारे त्याचं ऐकतात, असं ती म्हणते."

"आणि नमाजाला मागे कोण उभं राहतं?"

सिल्वियाने मान हलवली. "कोणी नाही. तो एकटाच असतो."

बायकांचं रडणं थांबलं होतं. वकास त्याच गावात असेल असं काही नव्हतं, किनारा लांबलचक आहे, हे भाभीलाही कळत होतं. तो कुठल्याच जमिनीत नसेल, हेही.

"एकटाच," भाभी म्हणाली. "माझ्या पोराच्या मागे एक रांगसुद्धा नाही." तिचा आवाज फुटला, आणि इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा तिचे डोळे भरलेले पाहिले.

भाऊ अजून चादरीचं टोक मुठीत धरून होता. भाभीने हात पुढे करून त्याची बोटं एकेक करून सोडवली. माझ्यामार्फत नाही, सरळ त्याच्याशी बोलली.

"राहू द्या सतरंजी," ती म्हणाली. "इथे तरी सगळं गाव आहे त्याला. बाहेर पुरुष जमले असतील, त्यांनाही घाला."

मग तिने ओढणी पुढे घेतली आणि दोन्ही हात वर केले.