वाऱ्याच्या रात्री

सिकिनोस या ग्रीक बेटाच्या धक्क्यावर बोट लागली की खोलीवाल्या बायका पुठ्ठ्याच्या पाट्या उंचावून उभ्या राहत आणि उतरणाऱ्याची पिशवी कोण आधी धरते याची चढाओढ लागे. ज्याच्या खिशाला हॉटेल परवडणार नसे, तो त्यातल्या एखादीच्या मागून निमूट चालू लागे. पण कोणाकडून तरी ऐकून आलेला माणूस पाट्यांकडे ढुंकूनही बघत नसे. तो विचारी, एवांथियाचं घर कुठलं? मग बाकीच्या बायका नाक मुरडून वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे बोट दाखवत.

आपल्याएवढी स्वस्त खोली बेटावर दुसरी नाही आणि आपल्याएवढी स्वच्छही नाही, हे एवांथिया स्वतःच सांगायची. दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत थांबण्याइतका धीर तिच्याकडे नव्हता. तिच्या चार खोल्या होत्या. भिंती दर वसंतात चुन्याने पांढऱ्या व्हायच्या, खिडकीत तुळशीच्या जातीच्या रोपट्याची कुंडी असायची आणि पलंगावर तिच्या हुंड्यातल्या, आईने हाताने भरलेल्या चादरी असायच्या. आरसा एकच, तोही जिन्यात. दुसरीकडे भिंतीवरच्या चित्राचे पैसे घेतात, मी फक्त झोपेचे घेते, असं ती म्हणायची आणि त्यावर स्वतःच मान डोलवायची.

त्या वसंतात मात्र हे सगळं तिचं राहिलं नाही. त्या बेटांवर घर लेकीला जातं. आसिमिनाचं लग्न जहाजावरच्या एका मेकॅनिकशी झालं, आणि चर्चमधून परतल्यावर एवांथियाने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून लेकीच्या हातात ठेवला. स्वतः खालच्या स्वयंपाकघरालगतच्या खोलीत खाट टाकली. किल्ली दिल्यावर आईने लेकीच्या घरात तोंड घालायचं नाही, हा तिथला रिवाज. एवांथियाच्या आईने तो पाळला होता, पण तिची आई मुळातच अबोल होती. एवांथियाला हा रिवाज पाळणं म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बसण्यासारखं होतं.

किल्ल्या देताना तिला एकाच गोष्टीची काळजी होती, ती म्हणजे वाऱ्याच्या रात्रींची.

ऑगस्टात मेल्तेमी सुटतो. उत्तरेचा वारा, आकाश निळंभोर, आणि समुद्र असा खवळतो की बंदरखातं बोटींवर बंदी घालतं. बेटावर आलेला माणूस मग बेटावरच अडकतो. एवांथियाच्या आजीपासून या घरात त्या रात्रींचे पैसे घेत नसत. माणूस आपल्या मर्जीने राहिला तर त्याने भाडं द्यावं. वाऱ्याने अडकवलं असेल तर त्या रात्री आपल्या नाहीतच, मग त्या विकायच्या कशा? एके काळी साऱ्या बंदरात हीच चाल होती. पुढे पैसा आला, फ्रीज आले, आणि लोक चाल विसरले. एवांथिया विसरली नाही. या एका गोष्टीचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा नवऱ्याच्या बोटीचाही कधी वाटला नव्हता.

आणि आसिमिना अथेन्समधल्या मोठ्या हॉटेलात बरीच वर्षं काउंटरवर बसून आलेली. तिथे म्हणे बर्फाच्या खड्यांचेही पैसे लावतात.

ईस्टरनंतर खोलीवाल्यांच्या संघाची बैठक झाली. संघाचा अध्यक्ष स्तामातिस, धक्क्यासमोरच्या तीन मजली हॉटेलचा मालक. एवांथियाच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट त्यानेच अदलाबदल केले होते, म्हणजे तो तिचा कुंबारोस, हाकेत कुंबारे, आणि ती त्याची कुंबारा. आसिमिनाला बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्यानेच बुडवलं होतं, म्हणजे तो तिचा धर्मपिता, नोनोस, हाकेत नोने. ही अशी नाती की त्यात भांडता येतं, तोडता येत नाही. त्याने दोन ठराव मांडले. ऑगस्टात सगळ्यांनी एकच चढा भाव लावायचा, आणि बंदीच्या रात्रींचेही पूर्ण पैसे घ्यायचे. जो मोडेल त्याची धक्क्यावरची पाटी काढून घ्यायची, संघाच्या फोनवरून त्याला गिऱ्हाईक द्यायचं नाही.

एवांथिया उठून वाऱ्याच्या रात्रींबद्दल तावातावाने बोलली. स्तामातिस शांतपणे म्हणाला, “कुंबारा, माझ्या विजेचं बिल वारा भरत नाही.” सगळे हसले, आणि हात वर गेले. आसिमिना मागच्या रांगेत बसली होती. तिचा हात वर गेला की नाही हे बघायला एवांथियाने मान वळवली नाही. तिची छातीच झाली नाही.

ऑगस्टात लारिसाहून एक वयस्क जोडपं आलं, थानासिस आणि वासो. तो आयुष्यभर दुधाची गाडी चालवत आलेला, ती घरी बसून लोकांचे कपडे शिवणारी. लारिसा पडली सपाट मुलखात. वासोने समुद्र याआधी पाहिलाच नव्हता. कोणा शेजाऱ्याने सांगितलं होतं की बेटावर जायचं तर सिकिनोसला जा, धक्क्यावर कोणाचं ऐकू नका, एवांथियाकडे जा. भाव संघाने ठरवल्याप्रमाणे चढला होता, तरी त्यांनी कुरकुर केली नाही. रोज सकाळी वासो काळ्या झग्याचा घोळ उचलून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि थानासिस काठावर तिच्या चपला सांभाळत बसायचा. एवांथिया ते खिडकीतून बघायची आणि उगाचच खूश व्हायची.

त्यांच्या परतीच्या दिवशीच मेल्तेमी सुटला आणि बंदी लागली.

ऑगस्टातल्या मोठ्या सणाला येणारे लोक दुसऱ्या बेटांवर अडकले, त्यामुळे त्यांच्यासाठी राखलेल्या खोल्या रिकाम्या पडल्या. आणि इथून जाणारे धक्क्यावर अडकले. परतीच्या तिकिटापुरते पैसे राखून बाकीचे खर्च करून बसलेली माणसं. स्तामातिसच्या हॉटेलात निम्म्या खोल्या ओस आणि समोर धक्क्याच्या भिंतीआड माणसं चादरी पांघरून पडलेली. ते बघून एवांथियाचं डोकं भणभणत होतं, पण किल्ली दिली होती. ती स्वयंपाकघरात चणे निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खिडकीतून पाहिलं. थानासिस आणि वासो पिशव्या घेऊन पायऱ्या उतरत होते. वासोने मागे वळून घराकडे एकदा बघितलं. वर दारात आसिमिना उभी होती, आणि तिच्या हातात त्यांच्या पलंगावरच्या चादरींची घडी होती.

एवांथियाच्या हातातलं चण्यांचं ताट खाली पडलं. चादरी काढून घेतल्या! आजीच्या घरातून, वाऱ्यात, म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं! तिला आधी संताप आला, मग त्याहून वाईट म्हणजे लाज वाटली, आणि ती लाज लेकीची नव्हती, स्वतःची होती. आपणच किल्ल्या दिल्या. ज्या पोरीला आपण वाढवलं ती हीच का, असं तिला वाटलं आणि ती सांडलेले चणे वेचू लागली. वर जाऊन खडसावावं असं शंभरदा मनात आलं. पण रिवाज मोडला तर लेकीला आणखी एक कारण मिळेल, म्हणून तिने ओठ दाताखाली धरले.

एवढ्यात आसिमिना स्वतःच धावत पायऱ्या उतरून गेली. तिच्या अंगात घरातला गाऊनच होता. आता एवांथियाला राहवेना. रुमाल डोक्याला गुंडाळून तीही मागोमाग निघाली, अंतर ठेवून, चोरासारखी.

धक्क्यावर वारा माणसाला उभं राहू देत नव्हता. भिंतीच्या आडोशाला थानासिस पिशवीवर बसला होता आणि आसिमिना त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. पाट्यावाल्या बायका जवळच घोळका करून ऐकत होत्या. एवांथिया मासेमारांच्या जाळ्यांच्या ढिगामागे थांबली.

“चादरींच्या घड्या घालून, बशीखाली पैसे ठेवून, न सांगता निघून जायचं?” आसिमिना म्हणत होती. “माझ्या घरातून असं कोणी जात नाही.”

एवांथियाने जाळ्याला घट्ट धरलं. म्हणजे चादरी वासोनेच काढल्या होत्या.

थानासिस खाली बघत म्हणाला की बेकरीत कळलं, बंदीचेही पैसे पडतात. होते तेवढे देऊन टाकले. पुढचे नाहीत. “आणि आम्ही भीक मागणारे लोक नाही, पोरी.”

“मी देणारीही नाही,” आसिमिना म्हणाली. “कालपासूनच्या रात्री माझ्या नाहीत, वाऱ्याच्या आहेत. जे माझं नाही त्याचे पैसे घेऊन मी चोर होऊ का? काल रात्रीचेही परत घ्या.” तिने गाऊनच्या खिशातून नोटा काढून त्याच्या हातात कोंबल्या. त्याने नको म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा तिने हनुवटी वर उडवून जिभेने ‘च्’ केलं. असं ‘च्’ केलं की त्या मुलखात पुढे बोलणं उरत नाही.

मग तिने वासोची पिशवी उचलली, आणि तिथेच न थांबता भिंतीआड पडलेल्या बाकीच्यांना हाक मारली. तान्हं मूल घेतलेली एक बाई, दोन विद्यार्थी, एक पाद्र्यासारखी दाढी वाढवलेला चित्रकार. चला, सगळे चला, पलंग कमी पडले तर गाद्या आहेत.

तेवढ्यात हॉटेलातून स्तामातिस तरातरा आला. त्याने आधी पाट्यावाल्या बायकांकडे पाहिलं, मग आसिमिनाकडे. “ठराव तुझ्यासमोर झाला होता,” तो म्हणाला.

“माझा हात खाली होता, नोने. तुम्ही मोजला नाहीत.”

“तुझी आई हट्टी आहे. ती सांगते म्हणून तू स्वतःचं नुकसान करू नकोस. पाटी गेली तर तुझी खोली शोधणार कोण?”

“आईने मला एक शब्दही सांगितलेला नाही. वसंतापासून ती गप्प आहे. तुम्हाला खरं वाटणार नाही, मलाही वाटत नाही.” बायकांमध्ये खसखस पिकली. आसिमिना हसली नाही. “घर माझं आहे. वाऱ्याच्या रात्री मी विकत नाही, माझी लेक विकणार नाही. पाटी हवी तर आत्ता घेऊन जा. मला शोधायचं असेल तो वर येईल.”

 स्तामातिसची नजर जाळ्यांमागच्या काळ्या रुमालावर गेली. “कुंबारा!” तो जवळजवळ विनवत म्हणाला. “लपून काय उभी आहेस? समजाव तुझ्या लेकीला.”

सगळ्या माना वळल्या. एवांथिया झग्यावरचा काडीकचरा झटकत पुढे आली. बोलण्यासारखं तिच्याकडे वसंतापासून साठलेलं होतं. डोळ्यांना वाऱ्याने पाणी आलं असं तिने पुढे सगळ्यांना सांगितलं.

“मला कशाला सांगतोस, कुंबारे?” ती म्हणाली. “मी त्या घरात पाहुणी आहे.”

त्यांच्या भाषेत पाहुणा आणि परका यांना शब्द एकच. त्यातला कुठला घ्यायचा ते स्तामातिसला कळलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

आसिमिनाने आईकडे नीट पाहिलं. मग तान्ह्या मुलाच्या आईकडे बोट करून ती म्हणाली, “बरं झालं आलीस. हिला तुझी खाट दिली आहे. न विचारता दिली.”

“आणि मी कुठे झोपू?”

“स्वयंपाकघरात, जमिनीवर. माझ्याजवळ.”

पायऱ्या चढताना सगळ्यांत पुढे आसिमिना होती, आणि सगळ्यांत मागे थानासिसची पिशवी ओढत एवांथिया. तिला तिच्याच आईच्या घरात आज खाट उरली नव्हती, आणि ती अशी ताठ मानेने चढत होती की मागून बघणाऱ्या बायकांना वाटावं, बेटच तिच्या नावावर झालं आहे.