समुद्राकडचं दार

आमच्या घराचं पुढचं दार समुद्राकडे आहे. ज्याने कुणी ते तिकडे ठेवलं, त्याला वारा म्हणजे काय ते ठाऊक नसावं. दार जरा किलकिलं केलं की वाळू थेट ताटात. शेवटी बाबांनी ते खिळे ठोकून बंद केलं, त्याला लोखंडी कपाट टेकवलं, आणि आम्ही स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करू लागलो. मी त्याच दाराने लहानाची मोठी झाले.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले. मी आणि नवऱ्याने ठरवलं, घराला एक खोली जोडायची आणि इथेच राहायला यायचं. याआधीही दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा बाबांनी विटेपासून वाळूपर्यंत सगळ्याला नावं ठेवली, माझं डोकं फिरलं, आणि काम अर्धवट टाकून मी तरातरा निघून गेले. राग माझ्या नाकावर असतो, काय करणार! तो त्यांच्याकडूनच आलाय.

यंदा मात्र बाबा गप्प. पाया खणला तरी गप्प, भिंत चढली तरी गप्प. नुसते खुर्ची टाकून बघत बसायचे. मला धास्तीच वाटायला लागली. यांना आम्ही इथे नकोच आहोत, असं मी नवऱ्याला रोज ऐकवत होते. तो बिचारा म्हणायचा, ते बोलले तरी रडतेस, नाही बोलले तरी रडतेस.

नकाशा शहरातल्या इंजिनिअरने केला. त्याने फोनवर विचारलं, घराचं दार कुठे? मी म्हटलं, समुद्राकडे. मग त्याने खोली वाऱ्याच्या आडोशाला, मागे स्वयंपाकघराला लागून काढली. काम चालू असताना गवंडी खिडकीच्या भोकातून फळीवरून ये-जा करायचा, आम्हीही तशीच करायचो. कुणाला काही खटकलं नाही.

शेवटच्या दिवशी गवंड्याने आतून खिडकीला गज बसवले, सिमेंटात, पक्के. चहा घेतला, "निघतो ताई" म्हणाला, आणि खोलीभर फिरला. मग स्वयंपाकघरात गेला. मग पुन्हा खोलीत आला.

"ताई, मी जाऊ कुठून?"

स्वयंपाकघराचं दार आता या नव्या खोलीतच उघडत होतं, आणि खोलीला बाहेर जायला दारच नव्हतं. बाकीच्या खिडक्यांना गज आधीपासूनच होते. नवऱ्याने कपाट सरकवून पुढचं दार ओढून पाहिलं, पण खाऱ्या हवेने खिळे, बिजागऱ्या, चौकट, सगळं एकजीव झालेलं. तो मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आणि बाबा? शांतपणे चहा पीत बसलेले.

"बाबा, तुम्हाला हे दिसलं होतं?"

"पाया खणला त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बोललो असतो तर काम थांबलं असतं. काम थांबलं की तू जातेस."

नवऱ्याचं हसू थांबलं. मला रडूच फुटलं, गवंड्यासमोर, अगदी भोकाड पसरून. मग नाक पुसलं आणि म्हटलं, माझ्या खोलीची भिंत फोडा, दार तिथेच काढा. म्हणजे दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत आता सगळं जग आमच्या पलंगाशेजारून जाणार. जाऊ दे.

गवंड्याने छिन्नी लावली तसे बाबा उठले. तिथे नको, कोपऱ्याकडे घे, म्हणाले. ही वीट कसली आणलीत, नखाने भुगा होतोय. आणि हा रंग कुणी निवडला?

रंग मी निवडला होता. मी हूं की चूं केलं नाही.