उघाडीवरची झबली

उघाडीच्या लोखंडी कठड्याला टेकायला मृणालिनीने हात पुढे केला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. पाहिलं तर झबलं होतं. पिवळं, बंदांचं, तान्ह्या बाळाचं. त्याच्या शेजारी आणखी एक, मग आणखी. खाडीचं पाणी कालव्यात घेणाऱ्या त्या जुन्या झडपेचा सगळा कठडा झबल्यांनी भरून गेला होता.

"बाय, हात नको लावू. नवसाचं हाय ते," बांधावर उन्हात बसून वालाच्या शेंगा सोलणारी म्हातारी शेवंती म्हणाली.

मृणालिनीने वळून निशिगंधाकडे पाहिलं. सिल्व्हर पार्कपासून रिक्षात आणि पुढे राई गावाच्या बोळांतून अखंड बोलत आलेली ही मैत्रीण आता बुटाची नाडी बांधण्यात गर्क झाली होती. नाडी सुटलेली नव्हती.

दर हिवाळ्यात दोघी इथे फिरायला यायच्या. गुडघ्याने दगा दिल्यामुळे मृणालिनीचे मधले दोन हिवाळे घरातच गेले होते, म्हणून आज तिनेच हट्ट धरला होता. निशिगंधाने आढेवेढे घेतले होते. तिकडे धूळ असते, कुत्री असतात, त्यापेक्षा उत्तनला जाऊ. तेव्हा मृणालिनीला ते काळजीपोटी वाटलं होतं.

"कसला नवस?" तिने शेवंतीला विचारलं.

"एक बाय आलती म्हनं. तिचं पोर पोटातच गेलं. त्याचं झबलं तिनं हितं पान्यात सोडलं, नि वरसाच्या आत लेक झाली तिला. या ताईच सांगतात." शेवंतीने निशिगंधाकडे हात केला. "रविवारची लोकं आनतात ना फिरवायला. आज न्हाय आनली?"

मृणालिनीचे कान तापले. पाण्यात सोडलेलं ते झबलं तिने स्वतः शिवलं होतं. बाळाचे कपडे कामवालीला देऊन टाकले, असं तिने नवऱ्यालाही सांगितलं होतं. खरं सांगितलं होतं एकाच माणसाला, याच बांधावर, हात हातात घेऊन. आणि त्यानंतर तिला मूल झालंच नव्हतं.

"मृणा, तुझं नाव नाही घेतलं मी," निशिगंधा हळूच म्हणाली. "लोकांचं नुसत्या खाडीवर आणि मिठागरांवर भागत नाही गं. गोष्ट लागते. शेवट तेवढा मी बरा केला."

"कुणासाठी बरा?"

मृणालिनीला चोरीपेक्षा त्या दुरुस्तीचा राग आला होता. दुःख नेलं ते नेलं, वर त्याला एक लेकही चिकटवून दिली.

एवढ्यात बोळातून एक तरुण बाई आली. निशिगंधाला पाहून तिचा चेहरा उजळला.

"मॅडम, मी समीक्षा. भाईंदर ईस्टची. मागच्या महिन्यात तुमच्या ग्रुपमध्ये होते ना."

तिने पर्समधून पांढरं झबलं काढलं. दुकानाचं लेबल अजून त्यावर होतं. कठड्याला बंद बांधताना तिची गाठ बसेना.

"घरी सांगितलं नाहीये. हसतील," ती म्हणाली. "पण मॅडम, खरंच झाली ना त्यांना मुलगी? म्हणजे नुसती स्टोरी नाहीये ना?"

निशिगंधाने मृणालिनीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि तीही मृणालिनीला सहन झाली नाही. खरं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. ते दिलं असतं तर निशिगंधाची रविवारची सहल कायमची बंद पडली असती.

तिने समीक्षाच्या हातातले बंद घेतले आणि घट्ट गाठ मारली.

"झाली," ती म्हणाली. "मी ओळखते त्यांना."

"खरंच? नाव काय ठेवलं?"

"संचिता."

समीक्षाने ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं, ओढणीने डोळे टिपले आणि शेवंतीला नमस्कार करून आल्या वाटेने निघून गेली.

निशिगंधा जवळ आली.

"हे नाव तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

"नाही," मृणालिनी म्हणाली आणि बांध उतरून एकटीच चालू लागली.